मदत हवी आहे: पोटातल्या नळीतून आहार, दुधाऐवजी वाटाण्याच्या प्रोटीनचा फॉर्म्युला द्यावा का?

माझ्या वडिलांना (वय ७४, वजन ६० किलो) पक्षाघातानंतर गिळता येत नाही. आधी नाकातून नळी होती, आता पेग (पोटावरून थेट जठरात जाणारी नळी) बसवली आहे. दर तीन तासांनी २०० मिली, असे दिवसाला ६ फीड. डब्यातली पावडर पाण्यात कालवून सिरिंजने देतो. घरी आणल्यापासून पोट सतत बिघडलेलं. दिवसातून चार-पाच वेळा पातळ होतं, पोट फुगतं, बसायची जागा लाल झाली आहे. ताप नाही, रक्त नाही, शौचाच्या तपासणीत संसर्ग निघाला नाही. पावडरची कंपनी बदलून पाहिली, काही फरक नाही.

बहीण न्यू जर्सीला असते. ती म्हणते, तिकडे केट फार्म्सचे वाटाण्याच्या प्रोटीनचे खोके मिळतात, ३२५ मिलीत ३२५ कॅलरी आणि १६ ग्रॅम प्रोटीन. (सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या मुलीसाठी एका आईवडिलांनी सुरू केलेली कंपनी आहे म्हणे.) इथे एक जण म्हणतात दूध बंद करा, पण आमच्या डब्यावर तर लॅक्टोजमुक्त लिहिलंय! बाबांना सांभाळायला येणाऱ्या मावशी म्हणतात, डाळीचं पाणी आणि नाचणीची पेज द्या. कुणाचं ऐकू? तिकडून खोके मागवण्याआधी अनुभवी मंडळींनी सांगावं.

---

प्रतिसाद १

मी आहारतज्ज्ञ आहे, पण रुग्ण पाहिलेला नाही, तेव्हा हे डॉक्टरांशी बोलण्यासाठी धरा.

लॅक्टोज ही दुधातली साखर, आणि केसीन, व्हे ही प्रोटीनं. बहुतेक पावडरींत प्रोटीन दुधाचं असलं तरी लॅक्टोज काढलेलं असतं. आजवर दूध-दही पचवणाऱ्याला या वयात दुधाच्या प्रोटीनची ॲलर्जी निघणं विरळा. वाटाण्याच्या फॉर्म्युल्यावर त्रास कमी झाल्याचे छोटे अभ्यास आहेत, पण फॉर्म्युला बदलला की तंतू, साखर, स्निग्धांश सगळंच बदलतं. श्रेय एकट्या वाटाण्याला कसं द्यायचं?

मी आधी औषधांचा कागद मागेन. नळीतून द्यायची म्हणून बरीच औषधं सिरपमध्ये दिली जातात, आणि अनेक सिरपांत सॉर्बिटॉल असतं. ते आतड्यात पाणी ओढून घेतं. दोन-तीन सिरपं मिळून चांगले जुलाब होतात आणि आळ येतो पावडरवर. अलीकडे अँटिबायोटिक झालं असेल तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसील (अँटिबायोटिकनंतर जुलाब करणारा जिवाणू) याची तपासणी वेगळी सांगावी लागते, साध्या तपासणीत ती होत नाही.

मग वेग. २०० मिली सिरिंजच्या दट्ट्याने ढकलू नका. दट्टा काढून, सिरिंज उंच धरून २० ते ३० मिनिटांत आपोआप उतरू द्या, पाठ ३० ते ४५ अंश उंच. कालवलेलं फीड बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. जुलाब होतात म्हणून पावडर पातळ करत असाल तर ते थांबवा. त्याने जुलाब थांबत नाहीत, कॅलरी मात्र कमी होतात. तशीही मिलीला एक कॅलरी धरली तरी १२०० होतात, ६० किलोच्या माणसाला त्या कमीच.

---

प्रतिसाद २

आईला आम्ही वर्षभर घरचं फीड दिलं. डाळीचं गाळलेलं पाणी म्हणजे निव्वळ पाणी, प्रोटीन चोथ्यात राहतं. नाचणीची पेज गार झाली की घट्ट होऊन नळीत बसते. चव म्हणून मधे एखादं ताक ठीक (डॉक्टरांना विचारून), पण सगळा आहार त्यावर नको. आणि दूध पूर्ण बंद केलंत तर बी-१२ कुठून येणार ते आधी बघा.

---

धागाकर्ती

दोघांचेही आभार. कागद पाहिला. पोटॅशियमचं सिरप आहे, आणि बद्धकोष्ठतेसाठी हॉस्पिटलात दिलेलं लॅक्ट्युलोज अजून दिवसातून दोनदा चालू आहे! घरी सोडताना कुणीच काही बोललं नाही. आजपासून दोन्ही बंद करू का?

---

प्रतिसाद १

ताई, मनाने नको, आजच डॉक्टरांना फोन करा. लॅक्ट्युलोज यकृतासाठीही देतात, तसं काही नाही ना हे विचारून घ्या. पोटॅशियम तर मुळीच थांबवू नका, जुलाबात ते आधीच कमी होतं. रक्तातली पातळी तपासा आणि पर्याय डॉक्टरांनाच सुचवू दे. पोटॅशियमच्या सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटून नळीतून देता येत नाहीत, हे मेडिकलवाल्यालाही सांगा. खोक्यांची ऑर्डर आठवडाभर थांबली तरी चालेल.