प्रतिसाद : टूलच्या वर्णनात काय असावे
एआय एजंटला, म्हणजे सांगितलेले काम स्वतः पार पाडणाऱ्या एआय प्रोग्रामला, आपण जी टूल (त्याला बोलावता येतील अशी फंक्शन्स) देतो, त्यांच्याबद्दल ‘नाव स्पष्ट असेल तर वर्णन एका ओळीत भागते’ असे मत या चर्चेत आले आहे. ते मला पटत नाही, कारण एजंटला आपला कोड दिसत नाही; कोणते टूल केव्हा वापरायचे हे तो नाव, वर्णन आणि पॅरामीटर (टूलला पुरवायची मूल्ये) एवढ्यावरूनच ठरवतो. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाचेच पाहा. रिपॉझिटरीतील (प्रकल्पाच्या कोडसाठ्यातील) इश्यूंची, म्हणजे तक्रारी-सूचनांच्या नोंदींची, यादी मागितली की त्याची एपीआय (प्रोग्रामने माहिती मागवण्याची सोय) पुल रिक्वेस्टही (कोडमधील बदलांचे प्रस्ताव) त्यातच देते, स्थिती न सांगितल्यास फक्त खुले इश्यू येतात आणि एका पानावर ३० नोंदी मिळतात (कमाल १००). हे वर्णनात नसेल, तर ‘एकूण किती तक्रारी आल्या?’ या प्रश्नाला एजंट बेधडक ‘३०’ असे उत्तर देऊन मोकळा होऊ शकतो.

बेळगावात उद्यमबागेतील कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करताना आमच्याकडे इश्यूंची शीर्षके मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी मिसळून येतात. म्हणून शोधाच्या टूलच्या वर्णनात आम्ही लिहितो : ‘हा शोध फक्त शब्द जुळवतो, काहीच न सापडल्यास उरलेल्या दोन भाषांतही शोधावे, आणि इश्यूचा क्रमांक माहीत असल्यास हे टूल न वापरता तो इश्यू थेट मागवावा.’ टूल केव्हा वापरू नये हे सांगणारा हा शेवटचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. पॅरामीटरचे तपशील मात्र वर्णनात न कोंबता त्या त्या पॅरामीटरपाशीच द्यावेत.