जुनं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीन घेताना काय काय तपासू? (बेळगाव)

नमस्कार. मी बेळगावातल्या शहापूरची. नऊ वर्षं झाली, घरीच ब्लाउज शिवते. बाह्यांवरचं आणि पाठीवरचं काम बाहेर देते. गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मुहूर्ताचे चार ब्लाउज हळदीच्या दिवशी दुपारी माझ्या हातात पडले. नवरीची आई सकाळपासून दारात बसून होती. तिला काय सांगणार मी? त्याच दिवशी ठरवलं, मशीन आपल्या घरात पाहिजे.

नवीन झेपणार नाही. बचत गटाचं कर्ज आणि साठवलेले मिळून पावणेदोन लाख होतात. दोन सिंगल हेड (एका वेळी एकाच कापडावर काम करणारी) मशीन बघून ठेवलीत. एक ताजिमा, म्हणजे जपानी कंपनीचं, नऊ सुयांचं, फ्लॉपीच्या काळातलं, कोगनोळीपलीकडे कोल्हापूरच्या बाजूला एका बंद पडलेल्या युनिटमध्ये आहे. दुसरं चायनाचं, बारा सुयांचं, चार वर्षं वापरलेलं, हुबळीच्या एका विक्रेत्याकडे. चायनाचं दिसायला अगदी कोरं आहे. ताजिमाचा रंग उडालाय, पण मालक म्हणतात अजून वीस वर्षं हलणार नाही.

माझ्याकडे ब्लाउजबरोबर शाळेचे बॅज आणि कबड्डीच्या जर्सीवरची नावंही येतात, मराठीत आणि कानडीत दोन्ही. घरात सिंगल फेज वीज आहे, पावसाळ्यात ती दिवसातून तीनदा जाते. ह्यांना मशीनमधलं काही कळत नाही, मला शिलाई मशीनपुरतंच कळतं. बघायला जाईन तेव्हा नेमकं काय करून बघू?

प्रतिसाद

ताई, मी निपाणीचा. सुरतेला अकरा वर्षं मशीनवर होतो. पहिलं म्हणजे रंगाकडे बघूच नका. विक्रेत्याला आधी सांगून ठेवा, मी येईपर्यंत मशीन चालू करायचं नाही. गार मशीनच खरं बोलतं.

स्वतःचं डिझाइन पेनड्राइव्हवर न्या, डीएसटी फाइलमध्ये (एम्ब्रॉयडरी मशीनला वाचता येते ती फाइल). त्यांच्याकडचं डिझाइन त्या मशीनला पाठ झालेलं असतं. कापडही आपलंच. एक गुळेदगुड्डचा खण आणि एक पातळ सुती. डिझाइनमध्ये जेवढ्या सुया तेवढे रंग टाकायला लावा. दाखवणारा माणूस दोन-तीन चांगल्या सुयांवरच काम उरकतो, बाकीच्या बंद आहेत हे पैसे दिल्यावर कळतं.

तुम्ही मराठी आणि कानडी दोन्ही नावं काढता म्हणालात, तर तीच तुमची परीक्षा. एकाच फाइलमध्ये दोन्ही लिपींत एक नाव पंच करून (टाक्यांचं डिझाइन बनवून) घ्या, अक्षर बारीक ठेवा. फ्रेमचा बेल्ट ढिला असला की मराठीची शिरोरेषा अक्षरांपासून वर सुटते, नाहीतर मध्येच पायरी पडते. कानडीचं तसं नाही, ती सगळी गोल. तिथे गोलाचं तोंड मिटत नाही, शेवट सुरुवातीच्या बाजूला जाऊन पडतो. हे एका नजरेत दिसतं, त्याला मिस्त्री लागत नाही.

मग कापड उलटं करा. भरीव पट्टीच्या मागे मधोमध साधारण एक तृतीयांश बॉबिनचा (खालचा) धागा दिसला पाहिजे. एका सुईला जास्त, एका सुईला कमी असेल तर त्या त्या सुईच्या धाग्याचा ताण (टेन्शन) बसवून होतो, घाबरू नका. सगळ्याच सुयांना गडबड असेल तर बॉबिन केस आणि हूक (वरचा धागा पकडणारा फिरता भाग) बघा. मशीन बंद करून हूकच्या टोकावरून नख फिरवा. नख अडकलं तर धागाही अडकणार, आणि जरीचा धागा तर तुटतच राहणार.

आणि एक, हे विसरू नका. डिझाइन अर्ध्यावर आलं की मेन स्विच खाली पाडा. परत चालू केल्यावर त्याच टाक्यावरून पुढे जातं का बघा. नाही गेलं, तर तुमच्याकडच्या विजेला ते मशीन चालणार नाही.

ताजिमाचं लोखंड चांगलंच असतं, त्यात वाद नाही. फ्लॉपीच्या जागी यूएसबीही बसते. पण एवढ्या जुन्या मशीनचं बोर्ड गेलं तर शोधत बसावं लागतं. चायनाच्या बऱ्याच मशीनला दाहाओ कंपनीचं कंट्रोल पॅनेल असतं, त्याचे पार्ट आणि जाणकार दोन्ही लवकर मिळतात.

प्रतिसाद

अक्का, कोल्हापूरहून आणणार असाल आणि विकणारा जीएसटीवाला असेल, तर ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल (माल नेण्यासाठी ऑनलाइन काढायचा कागद) लागतं. बिल तुमच्या नावानं घ्या, टेम्पोवाल्याच्या भरवशावर सोडू नका. फ्रेमचे सगळे आकार मोजून घ्या, मागाहून कोणी देत नाही. आणि घराच्या दाराची रुंदी आधी मोजा.

धागाकर्ती (प्रश्न विचारणारी)

दादा, खूप उपकार झाले. काल दोन्हीकडे जाऊन आले.

हुबळीला पोचले तर मशीन आधीच गरम होतं. सगळ्या सुया चालवा म्हटलं तर विक्रेत्याचा चेहरा पडला. सातव्या आणि अकराव्या सुईला धागा टिकेचना. गोल मात्र बरोबर मिटले, आणि स्विच पाडल्यावर त्याच जागेवरून पुढे गेलं. पॅनेल दाहाओचंच आहे.

ताजिमावर शिरोरेषा अशी आली की बघत राहावं. नऊच्या नऊ सुया चालल्या. पण वीज घालवल्यावर डिझाइन पहिल्यापासून सुरू झालं, आणि मालकांकडे फ्रेमचे दोनच आकार उरलेत.

माझं मन ताजिमाकडे ओढतंय, तरी पावसाळा आठवला की हुबळीचंच घ्यावंसं वाटतं. दोन सुयांचं काम करून देतो, मग पैसे द्या, असं विक्रेता म्हणतोय. दुरुस्तीनंतर परत तीच परीक्षा घेईन. पण सात आणि अकरा या दोनच सुयांना धागा का तुटत असेल? नीडल बार (सुई धरणारा दांडा) वाकला असेल तर तो बदलून मिळतो का, की पूर्ण हेड उघडावं लागतं? आणि बेळगाव-खानापूर भागात घरी येऊन हूकचं टायमिंग बसवणारे मिस्त्री कोणाच्या माहितीत असतील तर मला व्यक्तिगत निरोपात कळवा. मंगळवारी त्यांना हो की नाही सांगायचंय.