वाड्यात संग्रहालय: वस्तू जागच्या जागी की कपाटात? (सारवण, अडकित्ता आणि तळखडा या नावांनी तिघांचा वाद)

सारवण: जुन्या वाड्यात लोकजीवनाचं संग्रहालय करायचं तर वस्तू ज्या त्या खोलीतच मांडाव्यात. उखळ जमिनीत पुरलेलं, दिवा देवळीत, वज्री न्हाणीघरात. पुण्याच्या केळकर संग्रहालयातला संग्रह अफाट आहे, पण कपाटात ओळीनं ठेवलेली वज्री टाचा घासायला होती हे आजच्या मुलांना कसं उमगणार?

अडकित्ता: अजिबात पटलं नाही. केळकरांनी जमवलेले अडकित्ते शेजारी-शेजारी पाहिले तरच कारागिरांची कल्पकता कळते. माजघराच्या मांडणीत एकच मावेल. शिवाय उघड्या पितळेला हात लागतात, घामाचे डाग पडतात, मग कोणीतरी चिंचेनं घासतं. आंबटानं धातू झिजतो, नक्षी बोथट होते. जुन्या पैठणीवर ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नको. चौकातलं ऊन येणाऱ्या सोप्यात, म्हणजे चौकाकडच्या उघड्या ओसरीत, टांगलीत तर रंग उडेल, आणि उडालेला रंग परत येत नाही.

तळखडा: वस्तूंवरून वाद चाललाय, पण वाड्याचं काय? संग्रहालय म्हटलं की आधी फरशी बसते. जमीन चार इंच वर येते, खांबाखालचा दगडी तळखडा गाडला जातो आणि सागाचं टोक ओल धरून कुजतं. मग भिंतींना सिमेंटचा गिलावा. आतली ओल बाहेर पडत नाही, वर चढते, लोणा म्हणजे पांढरा क्षार फुटतो, खपल्या पडतात. सिमेंट काढून भिंत निदान एक उन्हाळा वाळू द्यावी. मग मुरवलेला चुना एक भाग, वाळू आणि सुरखी (विटांची पूड) मिळून तीन भाग. थर अर्ध्या इंचाहून जाड नको, वरून ओलं गोणपाट हवं. घाई केली की तडा गेलाच.

सारवण: म्हणूनच म्हणते, फरशी नकोच. सारवलेली जमीन ठेवा.

अडकित्ता: रोजच्या वर्दळीत तिचे पोपडे निघतील. ती धूळ वस्तूंवरच बसणार.

तळखडा: मूळ पातळी राखून चुन्याचा कोबा, म्हणजे ठोकून घट्ट केलेली जमीन, करा. कपाटं हवीत तर तळमजल्यावर. माडीच्या कडीपाटावर, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांच्या तक्तपोशीवर, मातीचा भराव आधीच असतो. तुळईच्या मध्यावर काचेचं जड कपाट ठेवलं की ती वाकते. वायरी लाकडात पुरू नका, लोखंडी नळीतून उघड्या न्या. लाकडी वाड्याला आगीची भीती मोठी: पुण्यातल्या १८०७ च्या विश्रामबागवाड्याचा काही भाग १८७९ च्या आगीत गेला, बुधवारवाडा तर उरलाच नाही.