लाँचला पुढची चाकं उड्या मारतात, पहिल्या 60 फुटांचा वेळ 2.5 सेकंदांच्या खाली येत नाही

घाटकोपर_402

नमस्कार मंडळी. 402 मीटरच्या ड्रॅग शर्यतीत लाँचसाठी, म्हणजे उभ्या गाडीतून सुटण्यासाठी, सस्पेन्शन सेटअपबद्दल नेमका सल्ला हवा आहे.

गाडी: 1.0 लिटर टर्बो पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल, फ्रंट व्हील ड्राइव्ह, ओपन डिफरन्शियल (दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देणारं साधं). पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम. व्हीलबेस 2.47 मीटर. ड्रायव्हरसकट वजन साधारण 1150 किलो. ताकदीसाठी रीमॅप (इंजिनच्या सॉफ्टवेअरमधला बदल), इंटरकूलर, डाउनपाइप झालं आहे.

सस्पेन्शन: कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉक), गाडी 35 मिमी खाली. स्प्रिंग पुढे 5 आणि मागे 4 किलो प्रति मिमी. शॉकला एकच नॉब, 24 क्लिक, सगळे मधोमध. कॅम्बर (चाकाचा उभा कल) पुढे उणे 1.8 अंश, टो (चाकांचं तोंड आत की बाहेर) एकूण 1 मिमी इन. टायर 195/55 आर15, साधे रोडचे, चारही चाकांत हवा 33.

3800 आरपीएमला क्लच सोडला की चाकं आधी फिरतात आणि मग धडधड उड्या मारायला लागतात, स्टिअरिंग हातात थरथरतं. मागची स्प्रिंग 7 ची टाकली की वजन पुढेच राहील असं बरेच जण सांगतात. खर्च करण्याआधी विचारतो आहे. धावायचं आहे ते आंबी व्हॅलीसारख्या धावपट्टीवर, म्हणजे ग्रिप वाढवायला ट्रॅकवर मारतात तो गोंद वगैरे काही नाही. आणि गाडी रोज मुंबईतच चालते.

परळ_वर्कशॉप

स्प्रिंगला इतक्यात हात लावू नका. उड्या मारणं आणि ग्रिप कमी पडणं हे दोन वेगळे आजार आहेत, आणि तुम्हाला दोन्ही झाले आहेत. आधी उड्यांचं बघू.

टायर पकडतो तेव्हा लोअर आर्मचा मागचा बुश, म्हणजे रबरी सांधा, आणि इंजिनचं खालचं टॉर्क माउंट, म्हणजे डॉगबोन, दोन्ही पिळले जातात. पीळ एका मर्यादेपलीकडे गेला की टायर सुटतो, रबर झटक्यात परत येतं, टायर पुन्हा पकडतो. हे सेकंदाला कित्येक वेळा होतं आणि त्याचे फटके ड्राइव्हशाफ्ट आणि गिअरबॉक्सला बसतात. सीव्ही जॉइंट तुटतात ते बहुतेक याच फटक्यांनी, नुसत्या टॉर्कने नाही. म्हणून उड्या सुरू झाल्या की लगेच पाय काढा, रेटत नेऊ नका.

डॉगबोनला पॉलियुरेथेन इन्सर्ट टाका. रोजची गाडी आहे तर मऊ ग्रेडचाच घ्या, कडक घेतलात तर सिग्नलला उभं असताना डॅशबोर्ड वाजेल. लोअर आर्मच्या मागच्या बुशला भेगा असतील तर बदला. माउंटचे आणि सबफ्रेमचे बोल्ट बऱ्याच गाड्यांत एकदाच वापरायचे असतात, ताणून घट्ट होणारे, म्हणून नवेच लावा. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये टॉर्क आणि त्यानंतरचे अंश दोन्ही दिलेले असतात.

आता एक गोष्ट, जी गाडी खाली करताना सर्रास राहून जाते. लोअर आर्मचे बुश-बोल्ट गाडी जॅकवर असताना कधीही शेवटचे घट्ट करायचे नाहीत. चाकं जमिनीवर, गाडी स्वतःच्या वजनावर, मगच टॉर्क द्यायचा. नाहीतर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. 35 मिमी खाली केल्यावर हे चारही बोल्ट सैल करून परत घट्ट केले होते का, ते बघा. माझा पहिला संशय इथेच आहे.

भौतिकी_डोंबिवली

मागच्या स्प्रिंगबद्दल आकडेच मांडतो, म्हणजे वाद उरणार नाही.

लाँचला मागे सरकणारं वजन = एकूण वजन × प्रवेग (जी मध्ये, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या प्रवेगाच्या पटीत) × गुरुत्वमध्याची उंची ÷ व्हीलबेस. उंची 0.52 मीटर धरू. 0.5 जी ला 1150 × 0.5 × 0.52 ÷ 2.47, म्हणजे सुमारे 121 किलो. या सूत्रात स्प्रिंग कुठेच नाही. 4 ची टाका नाहीतर 7 ची, गाडी स्थिरावल्यावर 121 किलो मागे जाणारच. फरक पडतो तो गाडी किती बसते यात. मागच्या प्रत्येक चाकावर 60 किलो वाढले की 4 ची स्प्रिंग 15 मिमी बसते, 7 ची साधारण 9 मिमी. त्या 6 मिमीने गुरुत्वमध्य दोन-तीन मिमी हलेल. त्याचा भार किलोभरसुद्धा नाही.

अख्खी गाडी आणखी 30 मिमी खाली केली तरी वाचतात फक्त 7 किलो.

आता टायरकडे बघा. वजनाचे 62 टक्के पुढे धरले तर उभ्या गाडीत पुढे 713 किलो, 0.5 जी ला उरतात 592. ढकलायला लागतात 575. म्हणजे टायरचा घर्षण गुणांक जवळजवळ 1 हवा. स्टेज बीममधून, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून, गाडी सुमारे 30 सेंमी सरकल्यावर घड्याळ सुरू होतं हे धरून, 0.5 जी म्हणजे 60 फुटांना साधारण 2.4 सेकंद. 2.2 हवे असतील तर 0.6 जी लागतो आणि गुणांक 1.2 च्या वर जातो. साध्या रोड टायरला धुळीच्या धावपट्टीवर ते शक्य नाही. 2.4 पर्यंत तुम्ही सेटअपने याल. त्यापुढचा रस्ता सेमी-स्लिक (ट्रॅकसाठीचे, कमी खाचांचे) टायर आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शियलचा (एक चाक सुटलं तरी दुसऱ्याला टॉर्क देणाऱ्या) आहे, शॉकचा नाही.

घाटकोपर_402

बोल्ट जॅकवर असतानाच घट्ट झाले आहेत, खात्री केली. ते आणि डॉगबोन आधी करतो. मग शॉकचं काय? पुढचा रिबाउंड, म्हणजे शॉक लांब होतानाचा विरोध, पूर्ण घट्ट केला की नाक उचलत नाही आणि वजन पुढे राहतं, असंही वाचलं आहे.

शॉकअप_विक्रोळी

नाक उचलत नाही हे खरं. वजन पुढे राहतं हे खरं नाही. घट्ट रिबाउंडमध्ये शॉक चाकाला वर ओढतो, त्यामुळे टायरवरचा भार उलट लवकर कमी होतो. मग फायदा कुठला? मऊ शॉकवर नाक गरजेपेक्षा जास्त वर जातं आणि परत येतं. त्या झोक्यात पुढचा भार 592 च्याही खाली जातो आणि नेमका त्याच क्षणी चाक सुटतं. रिबाउंडचं काम तो झोका मारणं, एवढंच. त्याच्या पुढे घट्ट केलात तर धावपट्टीच्या उंचवट्यांवरून टायर उडेल आणि खाली यायला उशीर करेल. म्हणजे उड्या परत.

असं करा. सगळे शॉक मधोमध ठेवून सुरुवात. फोनवर स्लो मोशन, 240 फ्रेमचं, गाडीच्या बाजूने, कॅमेरा चाकाच्या मध्याच्या उंचीवर. फेंडरच्या कडेवर आणि टायरच्या बाजूला पांढरी टेप. नाक वर जाऊन परत खाली डोलत असेल तर पुढे दोन क्लिक घट्ट. नाक शांत आहे पण टायर जमिनीवरून थरथरत सुटतो आहे, तर दोन क्लिक सैल. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक वेळी हवा पुन्हा मोजायची.

एका नॉबच्या शॉकमध्ये नॉब मुख्यतः रिबाउंड बदलतो, थोडा दाबही, म्हणजे शॉक आखडतानाचा विरोध, बदलतो. म्हणून मागे फार खेळू नका, मधोमधपेक्षा तीन-चार क्लिक घट्ट पुरे. पावसात मागचा शॉक फार कडक असेल तर घाटात मागची बाजू सटकते.

अलाइनमेंट मात्र आजच बदला. उणे 1.8 कॅम्बर लाँचसाठी फार झाला, टायरची फक्त आतली कड काम करते. कॅम्बर प्लेट असेल तर उणे 0.5 वर आणा, नाक उचललं की तो आणखी शून्याकडे येतो. टो: ओढताना पुढची चाकं बुशच्या लवचिकतेने आत वळतात, म्हणून उभ्या गाडीत शून्य किंवा एकूण 1 मिमी आऊट. तुमचा 1 मिमी इन लाँचला आणखी वाढतो आणि दोन्ही टायर एकमेकांविरुद्ध घासतात.

हवा: पुढे 28 पासून दोन-दोनने कमी करत 24 पर्यंत. रोड टायरला 22 च्या खाली जाऊ नका, ट्रेडचा मधला भाग जमिनीवरून उचलतो आणि उलट ग्रिप जाते. मागे 38 ते 40. परतीच्या प्रवासाआधी पुन्हा 33, डिकीत 12 व्होल्टचा पंप ठेवाच. एक्सप्रेसवेवर 24 हवेने टायर तापून फुटू शकतो.

परळ_वर्कशॉप

शॉकवाल्यांशी सहमत. त्यात डाव्या-उजव्याची भर घालतो, कारण ओपन डिफरन्शियलमध्ये हलकं चाक दोन्हींचा टॉर्क ठरवतं.

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. जास्त करून डावं पुढचं चाकच आधी फिरतं, धावपट्टीवर कोणत्या बाजूला रबर जास्त उमटलं ते बघा. चार वजनकाटे मिळाले तर ड्रायव्हर बसवून, पुढच्या अँटी-रोल बारची लिंक काढून वजन घ्या. डावा पुढचा आणि उजवा मागचा परच, म्हणजे स्प्रिंगखालची फिरवायची रिंग, 2 मिमी वर, उरलेले दोन 2 मिमी खाली. डाव्या पुढच्यावर भार येतो आणि गाडीची उंची तशीच राहते. पुढची दोन्ही चाकं 10 किलोच्या आत आली की थांबा. त्याहून ओढलंत तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला खेचते, आणि 402 मीटरच्या शेवटी ते परवडत नाही. लिंक परत लावताना तिच्यावर ताण राहता कामा नये.

स्टेपनी आणि जॅक काढा. ते मागच्या अॅक्सलच्या मागे असतात, त्यांचं वजन पुढची चाकं हलकी करतं. टाकीत पाव पेट्रोल पुरे.

आरडब्ल्यूडी_मुलुंड

मध्येच विचारतो. माझी रिअर व्हील ड्राइव्ह सेडान आहे, मागे मल्टीलिंक. हेच सगळं उलटं करायचं का?

शॉकअप_विक्रोळी

सगळं नाही. मागे सरकणारं वजन तुमच्या उपयोगाचं आहे, म्हणून पुढचा रिबाउंड सैल चालतो. पण गोंद न लावलेल्या धावपट्टीवर पूर्ण सैल करू नका. नाक जोरात वर जाऊन आदळलं की मागचा टायर एकदा दाबला जातो आणि लगेच हलका होतो. मधोमधपेक्षा चार-पाच क्लिक सैल, मागे शॉकचा दाब थोडा घट्ट. मागची चाकं बसताना किती आत वळतात आणि कॅम्बर किती घेतात ते अलाइनमेंट रॅकवर मागची बाजू 20 मिमी दाबून मोजा. सबफ्रेमचे बुश तपासा, तुमच्या गाडीत पीळ तिथे साठतो. बाकीच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

भौतिकी_डोंबिवली

मूळ प्रश्नात एक गोष्ट राहिली: पहिल्या गिअरमधला टॉर्क. रीमॅप करणाऱ्याला पहिल्या गिअरपुरता बूस्ट कमी करायला सांगा. टायर जेवढं घेतो त्याच्या वरचा टॉर्क फक्त धूर करतो. लाँच 3800 ऐवजी 3000 पासून सुरू करा आणि 200 ने वाढवत जा, चाक हलकं घसरेल इतकंच. बर्नआऊट, म्हणजे लाँचआधी चाकं जागीच फिरवणं, रोड टायरला दोन-तीन सेकंद, धूळ जाण्यापुरता. जास्त केलात तर ट्रेड तापून ओशट होतो आणि ग्रिप उतरते. पाणी ओतू नका, खाचांत साठलेलं पाणी लाँचलाच टायरखाली येतं.

घाटकोपर_402

खूप आभार. क्रम असा धरतो: बुश-बोल्ट आणि डॉगबोन, मग अलाइनमेंट, मग हवा, मग शॉक. स्प्रिंग रद्द. लाँचची चाचणी रात्री पाम बीच रोडवर किंवा बीकेसीत केली तर चालेल का? रस्ता मोकळा असतो.

परळ_वर्कशॉप

नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे, पहिल्या वेळी 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि रस्त्यावर झोपलेला कुत्रा किंवा वळून येणारा डिलिव्हरीवाला 240 फ्रेमच्या व्हिडिओत नंतर दिसतो, आधी नाही. डॉगबोनची खात्री तशीही लाँच न करता होते: हँडब्रेक ओढून, पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूच पकडीच्या बिंदूवर आणा आणि बॉनेट उघडून दुसऱ्याला इंजिन किती हलतं ते बाजूला उभं राहून बघायला सांगा, गाडीच्या समोर नाही. इन्सर्टआधी आणि नंतर दोन्ही वेळा बघा. अलाइनमेंटचा प्रिंटआउट इथे टाका, मग शॉकचे क्लिक पुढे बघू.