विकिपीडियन – हा शब्द तुम्हाला पहिल्यांदा कधी चिकटला?

निळी_शाई: आज लेकीनं प्रकल्पासाठी विकिपीडिया उघडला आणि विचारलं, "आई, हे लिहितं कोण?" म्हटलं, विकिपीडियन. "म्हणजे नोकरीला असतात?" अगं, नाही! आणि एकदम माझा पहिला बदल आठवला. एका नदीच्या लेखात 'उपनद्या'चं 'उपनदया' झालं होतं. संपादन, द्य नीट केला, जतन. खातं नव्हतं, म्हणून पानाच्या बदलांच्या इतिहासात नावाच्या जागी नुसते आकडे आणि टिंबं. तरी त्या रात्री ते पान तीनदा उघडून पाहिलं. पुढे खातं काढलं, तर चर्चापानावर कुणा अनोळखी सदस्याचा स्वागताचा निरोप, त्यात मला 'विकिपीडियन' म्हटलेलं. एका जोडाक्षरावर! तुमचं सांगा.

घारू: माझा पहिलाच लेख उडाला. उल्लेखनीयता म्हणजे काय, विषय स्वतंत्र लेखाइतका दखलपात्र हवा, ते तेव्हा कळलं. फार लागलं होतं मनाला. पण ज्यांनी पानकाढा साचा (लेख काढून टाका अशी पाटी) लावला, त्यांनीच नंतर धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, संदर्भ कसा द्यायचा ते शिकवलं. चार दिवस, न कंटाळता.

रिकामी_ओळ: शेतकरी, कष्टकरी, तसं 'विकिकरी' का नको? विकिपीडियन परकं वाटतं मला.

घारू: @रिकामी_ओळ 'विकी'च मुळात हवाई भाषेतला, 'झटपट' अर्थाचा. सगळंच परकं मग :)

सांजवेळ: शब्दांचं निघालंच आहे तर, बॉटला, म्हणजे आपोआप बदल करणाऱ्या प्रोग्रॅमला, 'सांगकाम्या' ज्यानं म्हटलं त्याला दंडवत. चावडी (आपलं सामायिक चर्चेचं पान), धूळपाटी, सांगकाम्या... घरात आल्यासारखं वाटतं.

पाणकणीस: मराठी विकी २००१ पासून ना?

सांजवेळ: नाही हो, २००१ इंग्रजी, १५ जानेवारी. आपला १ मे २००३.

अबोल७: मी लिहीत नाही, फक्त 'अलीकडील बदल'ची यादी बघते. कुणी लेखात शिव्या घातल्या की उलटवायचं. कधीकधी नुसती कुणाची तरी जन्मतारीख बदललेली असते, ते जास्त वाईट, पटकन दिसत नाही. मी विकिपीडियन का? बाळ उठलं, येते.

निळी_शाई: @अबोल७ तूच तर खरी!

मधली_सुट्टी: बाबा निवृत्तीनंतर पक्ष्यांवर लिहायचे. एका बोटानं टंकायचे, एका परिच्छेदाला दुपार जायची. एका वाक्याला कुणीतरी 'संदर्भ हवा' लावलं, तर कपाटातली सगळी पुस्तकं खाली काढली. सापडला नाही. ते गेल्यावर दोन वर्षांनी मी सहज इतिहास उघडला. त्यांचं सदस्यनाव तिथंच, आणि वर एक नवा बदल: त्याच वाक्याला कुणीतरी संदर्भ जोडलेला, पान क्रमांकासकट.

रिकामी_ओळ: 🙏 विकिपीडियन तर विकिपीडियन. शब्द मागे घेतला.

घारू: कोणता पक्षी?

मधली_सुट्टी: खंड्या.