मदत हवी आहे: आठ आयपींच्या ब्लॉकचं रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव शोधणं) बाहेरून लागत नाही

प्रभादेवीतल्या आमच्या छापखान्याचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. लीज्ड लाइनसोबत /२९ चा, म्हणजे आठ आयपींचा, ब्लॉक मिळालाय. नेटवर्क, ब्रॉडकास्ट आणि राउटर सोडले की आठातले पाच आयपी हाती उरतात. खरे आकडे इथे देत नाही, उदाहरणांसाठी राखीव असलेले घेतो: २०३.०.११३.४० ते ४७. मेल सर्व्हर ४२ वर आहे.

जीमेलवाल्या गिऱ्हाइकांचे मेल परत येतात, कारण पीटीआर (आयपीचं नाव सांगणारी डीएनएस नोंद) नाही. फेब्रुवारी २०२४ पासून त्यांनी ते सक्तीचंच केलंय. परवा एका लग्नपत्रिकेचं प्रूफ पोचलंच नाही. नवरीचे वडील भर दुपारी डोंबिवलीहून लोकलने आले. फार वाईट वाटलं.

बाइंड या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये ११३.०.२०३.इन-अ‍ॅडर.अर्पा असा झोन (नोंदींचा एक गट, रिव्हर्समध्ये आयपी उलटा लिहितात) केला, त्यात ४२ चा पीटीआर टाकला. सर्व्हरवर बसून डिग -एक्स (आयपीचं नाव विचारणारी कमांड) केलं की नाव बरोबर येतं. मोबाइल डेटावरून काहीच नाही. प्रोव्हायडरकडे तीन आठवडे तिकीट पडून होतं. शेवटी ‘डेलिगेशन केलंय’ (म्हणजे झोन माझ्या सर्व्हरकडे सोपवलाय) एवढंच उत्तर आलं. तेव्हापासून बाहेरून एक सीनेम (दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद) दिसतो, ४२.४०-२९.११३.०.२०३.इन-अ‍ॅडर.अर्पा, आणि पुढे सर्व्हफेल, म्हणजे उत्तर मिळालं नाही अशी चूक. हे मधलं ४०-२९ कुठून आलं? माझं काय चुकतंय?

प्रतिसाद १
त्या ४०-२९ मध्येच उत्तर आहे. रिव्हर्सची नावं टिंबावर तुटतात, म्हणजे २५६ आयपींचा एक झोन, आणि तो प्रोव्हायडरचा. त्यातले आठच तुम्हाला तोडून देता येत नाहीत. म्हणून १९९८ च्या आरएफसी २३१७ (इंटरनेटच्या पद्धती सांगणारा दस्तऐवज) प्रमाणे प्रोव्हायडर प्रत्येक आयपीला सीनेम लावतो आणि नव्या नावाचा झोन तुमच्या सर्व्हरकडे सोपवतो. आरएफसीतल्या उदाहरणांत तिथे स्लॅश आहे, पण फाइलच्या नावात तो चालत नाही, म्हणून बरेच जण डॅश घेतात. तुमचा झोन अगदी त्याच नावाचा हवा: ४०-२९.११३.०.२०३.इन-अ‍ॅडर.अर्पा.

जुना झोन आजच काढा. बाहेरचं कुणी तो विचारायला येत नाही, उलट शेजारच्या आयपींची नावं तुमच्याच सर्व्हरला सापडणार नाहीत. पीटीआरमधल्या नावाच्या शेवटी टिंब द्या, नाहीतर बाइंड त्यापुढे झोनचं नाव चिकटवतो. आणि त्या नावाचा ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारी नोंद) परत ४२ वरच आला पाहिजे, जीमेल दोन्ही बाजू बघतं.

मूळ लेखक
झोन बदलला. टिंब खरोखरच राहिलं होतं. ए रेकॉर्ड तर अजून जुन्या लाइनच्या आयपीवर होता, तोही बदलला. आता मोबाइलवरून नाव येतंय आणि जीमेलवर चाचणीचा मेल पोचला. मनापासून आभार! एकच विचारायचंय: आमच्याकडे नेमसर्व्हर (डीएनएसची उत्तरं देणारा सर्व्हर) एकच आहे. या झोनसाठी सेकंडरी, म्हणजे जोडीचा दुसरा नेमसर्व्हर, प्रोव्हायडरकडेच मागावा का?

प्रतिसाद १
हो, मागा. प्रभादेवीतली लाइन पडली तरी पीटीआर लागत राहील. झोन ट्रान्सफर (झोनची प्रत घेणं) फक्त त्यांच्याच आयपीला उघडा.