घराण्याची कादंबरी: पदरचं किती घालावं?

जुनीशाई: स्वतःच्या पूर्वजांवर कादंबरी लिहायची आणि वर 'ही आमच्या घराण्याची खरी हकिगत' असंही म्हणायचं, हे मला पटत नाही. सगळ्यात गाजलेलं उदाहरण ॲलेक्स हेलीच्या 'रूट्स'चं (१९७६). पश्चिम आफ्रिकेतल्या गॅम्बियामधल्या जुफुरे गावचा कुंटा किंटे १७६७ साली 'लॉर्ड लिगोनियर' जहाजातून गुलाम म्हणून अमेरिकेत आला, त्याला विकत घेणाऱ्या वॉलर कुटुंबाकडे त्याचा 'टोबी' झाला आणि आपण त्याच्या सातव्या पिढीतले, असा हेलीचा दावा. पुढे गॅरी आणि एलिझाबेथ मिल्स या अभ्यासक दांपत्याने व्हर्जिनियातली कागदपत्रं चाळली, तर वॉलरांचा टोबी १७६२ सालीच नोंदीत हजर! जहाज यायच्या पाच वर्षं आधी. शिवाय हॅरल्ड कूरलँडरच्या कादंबरीतून मजकूर उचलल्याचा खटला १९७८ मध्ये साडेसहा लाख डॉलर देऊन मिटवावा लागला, ते वेगळंच. कादंबरीत पदरचं घालावंच लागतं, त्याला ना नाही. पण मग तसं सांगा ना.

उंबरठा: कागद कागद करताय, पण कागद होते कुणाकडे? १८५० आणि १८६० च्या अमेरिकन जनगणनेत गुलामांची वेगळी यादी असे. वर मालकाचं नाव, खाली नुसतं वय, लिंग, वर्ण. माणसाचं नाव जवळजवळ नाहीच. गुलामीतून सुटलेल्या सगळ्यांची नावं आली ती १८७० मध्ये. त्यामागे जायचं तर मालकाचं मृत्युपत्र, एखादं विक्रीखत, नाहीतर आजीने सांगितलेली गोष्ट. मालकाच्या पणतवंडाचं मात्र सगळं सहीशिक्क्यानिशी शाबूत. दोघांना एकच फूटपट्टी लावणार?

जुनीशाई: नाही लावणार. पण याच मुद्द्याने हेलीची बाजू लंगडी पडते. 'कागद नव्हते, म्हणून मी कल्पना केली' एवढं म्हटलं असतं तर कोण बोललं असतं? तो म्हणत राहिला की शोधलं आणि सापडलं. टोनी मॉरिसनच्या 'बिलव्हेड' कादंबरीमागे मार्गारेट गार्नरची १८५६ ची खरी घटना आहे: गुलामीतून पळालेल्या या बाईने पकडली जाताना स्वतःच्या मुलीचा जीव घेतला. पण कादंबरीतली सेथ कल्पनेतली, हे वाचकाला माहीत असतं. कुणाची फसवणूक नाही.

तळटीप: मला खोटेपणापेक्षा दुसराच त्रास होतो. अशा कादंबऱ्यांतला आपला पूर्वज कधी कुणाची चहाडी करत नाही, कधी मालकाशी जुळवून घेत नाही. 'रूट्स'मधलं जुफुरेच घ्या. बाहेरच्या जगाचा वारा न लागलेलं, सोज्वळ गाव. प्रत्यक्षात जवळच, नदीतल्या जेम्स बेटावर इंग्रजांचा किल्ला होता आणि तिथून माणसं विकली जात. गावातल्या कुणाचेच त्या किल्ल्याशी लागेबांधे नसतील? खरी कादंबरी तिथे होती आणि हेलीने ती सोडून दिली. वंशाभिमान आड आला असावा.

उंबरठा: हे मान्य. जुफुरेची प्रकरणं मलाही गुळगुळीत वाटली होती. तरी एक विसरू नका. जानेवारी १९७७ मध्ये 'रूट्स'ची मालिका आली आणि साधीसुधी अमेरिकन माणसं आपली वंशावळ शोधायला अभिलेखागारात गर्दी करू लागली. इतिहासाच्या ग्रंथांनी हे कधी केलं होतं?

जुनीशाई: गर्दी झाली म्हणून १७६२ ची नोंद पुसली जात नाही.

उंबरठा: पुसा कोण म्हणतंय? पुस्तकाच्या शेवटी लेखकाने टिपण द्यावं: हे कागदात मिळालं, हे घरात ऐकलं, हे माझं. मिटलं.

तळटीप: शेवटी कशाला, सुरुवातीलाच द्या. तिथवर पोचेपर्यंत वाचकाने चार जणांना 'खरी गोष्ट आहे' म्हणून सांगून टाकलेलं असतं.

उंबरठा: सुरुवातीला नको हो! कोण खरं, कोण रचलेलं, हे आधीच कळलं तर मी रचलेल्या पात्राकडे लक्षच देणार नाही. आणि बहुतेक वेळा तेच जास्त जिवंत असतं.